पानकरस

कुरासाव हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं एक कोरडं बेट. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथे सेव्हिलची संत्री नेऊन लावली. झाडं जगली, पण त्या रुक्ष जमिनीत आणि जेमतेम पावसात फळ इतकं कडू निपजू लागलं की माणसांनी ते खाणं सोडून दिलं. बागा ओस पडून रानात मिसळल्या. पुढे केव्हातरी कुणाच्या तरी लक्षात आलं की या फळाची साल उन्हात वाळवली की तिला विलक्षण सुगंध येतो. स्थानिक लोक या फळाला लराहा म्हणतात. 1634 मध्ये बेट डचांच्या ताब्यात गेलं आणि व्यापाराच्या वाटा उत्तर युरोपच्या बंदरांकडे वळल्या. ब्रसेल्सच्या पूर्वेला टीनेन शहराजवळ होगार्डन नावाचं गाव आहे. गव्हाच्या शेतांमधलं हे गाव समुद्रापासून बरंच आत आहे, पण तिथली पांढरी बिअर या कडू, वाळक्या सालीवाचून पुरी होत नाही.

बेल्जियमच्या या बिअरला विटबिअर म्हणतात. साधारण निम्मा कच्चा, मोड न आणलेला गहू आणि निम्मं जवाचं माल्ट, थोडे हॉप्स, भरडलेले धने, कडू संत्र्याची साल आणि यीस्ट, एवढंच तिच्यात असतं. मद्यांश पाच टक्क्यांच्या आसपास. रंग फिकट पिवळा, आणि धुकं उतरल्यासारखी गढूळ. तो गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि तरंगत राहिलेल्या यीस्टचा असतो, आणि तोच तिला घोटाघोटाला मऊपणा देतो.

पुण्यातल्या एका छोट्या ब्रूअरीत मी ही बिअर बनताना पाहिली आणि तिथेच ती सावकाश चाखलीही. पेल्यात आल्या आल्या तिचा वास फारसा लागत नाही, कारण ती अतिथंड असते आणि थंडीत सुगंधी द्रव्यं उडत नाहीत. पेला तसाच ठेवून थोडा वेळ जाऊ द्यावा. वरचा पांढरा, दाट फेस हळूहळू खाली बसतो, बुडबुडे सुटत राहतात आणि सुटताना सुगंध वर आणतात. मग संत्रं येतं. आधी नाकाला, आणि घोट गिळल्यावर पुन्हा एकदा घशामागून. त्याच्या पाठोपाठ लवंगेची पुसट आठवण होते, ओल्या कणकेसारखा गव्हाचा गंध येतो, आणि अगदी शेवटी जिभेच्या मुळाशी बारीक कडवटपणा रेंगाळतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक फट. नाकाने संत्रं म्हटलं की जीभ गोडीची तयारी करते, कारण आयुष्यभर हा वास आपण साखरेबरोबरच अनुभवलेला असतो. इथे साखर यीस्टने संपवलेली असते. वास गोड फळाचा आणि घोट कोरडा, किंचित आंबट. अपेक्षा आणि अनुभव यांच्यामधल्या या जागेत लक्ष जागं होतं. दुसरा घोट आपण तहानेपेक्षा कुतूहलाने घेतो. पेल्याच्या कडेला लिंबाची किंवा संत्र्याची चकती खोचून देण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. तिच्या सालीतलं तेल फेस मोडतं आणि ती फट बुजवून टाकतं. जे शोधायचं तेच आधी हातात ठेवलं तर शोधायला उरतं काय?

कारण या बिअरमधलं संत्रं खरोखरच शोधावं लागतं. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. लिमोनीन पाण्यात विरघळत नाही आणि उकळीत बरंचसं उडून जातं. सालीकडून बिअरला मिळतो तो प्रामुख्याने कडवटपणा आणि थोडा पाचोळ्यासारखा, औषधी गंध. आपण ज्याला संत्रं म्हणतो, त्यातला मोठा वाटा धन्यांचा असतो. धन्यांच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनलूल असतं. हेच द्रव्य हॉप्समध्ये असतं, लिंबूवर्गीय फुलांतही असतं. ते बिअरमध्ये टिकतं. धन्यांतली आणि हॉप्समधली जिरॅनिऑलसारखी द्रव्यं यीस्टच्या हाती लागतात, आणि यीस्ट त्यांचं सिट्रोनेलॉल करतं, ज्याचा वास लिंबाच्या जवळ जातो. म्हणजे टाकीत जे घातलं त्यात नसलेला सुगंध टाकीत तयार होतो. लवंग तर पाककृतीत नसतेच. धान्याच्या फेरुलिक आम्लापासून यीस्ट ती घडवतं.

ब्रूअरने उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांत धने घातले तेव्हा आधी घरातल्या आमटीचाच वास आला. तेल तापून त्यात फोडणी पडली की धने ज्या वाटेने जातात ती आपल्या ओळखीची. गव्हाच्या आणि जवाच्या गोड काढ्यात ते वेगळ्याच वाटेने जातात. हाच दाणा आपण रोज डब्यातून काढतो आणि त्याच्यात संत्रं आहे हे आपल्याला ठाऊकही नसतं. युरोपातले धने बारीक, गोल आणि तेलाने अधिक संपन्न. आपले लांबट, फिकट, तेलाने कमी, पण वासाने अधिक फळासारखे. पाश्चात्य देशांतले काही ब्रूअर विटबिअरसाठी मुद्दाम भारतीय धने शोधतात, ते यासाठीच.

संत्रं आणि धने या दोन जिनसांचे प्रवास एकमेकांच्या उलट झाले आहेत. लिंबूवर्गाचं मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्व भाग, म्यानमारचा उत्तर भाग आणि युनान यांच्या परिसरात असावं, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. कडू संत्रं हा पपनस आणि मँडरिन यांचा संकर. तो पूर्वेकडून निघाला, अरबांबरोबर स्पेनला पोचला, तिथून कुरासावला. धने भूमध्य समुद्राच्या बाजूचे. तुतनखामेनच्या थडग्यात ते सापडले, मायसीनीच्या मातीच्या पाट्यांवर त्यांची नोंद आहे. तिथून ते पूर्वेला आले, आणि पाणिनीला कुस्तुंबुरूसाठी सूत्र लिहावं लागलं इतके इथलेच झाले. पूर्वेचं फळ आणि पश्चिमेचं बी, दोघं आपापलं घर सोडून निघाले आणि फ्लेमिश गावातल्या एका तांब्याच्या हंड्यात भेटले.

आपल्या साहित्यशास्त्रात अशा भेटीचा विचार फार खोलवर झाला आहे. भरताने नाट्यशास्त्रात रसाची उपपत्ती सांगताना स्वयंपाकाचाच दाखला घेतला. नाना व्यंजनं, औषधी आणि द्रव्यं यांच्या संयोगातून जसा चाखण्याचा रस निपजतो, तसा भावांच्या संयोगातून नाट्याचा. पुढे काश्मिरात अभिनवगुप्ताने आणि मम्मटाने पानकरसाचा दृष्टान्त वापरला. पानक म्हणजे गूळ, मिरी, आंबट फळ अशा वस्तूंचं पेय, आपल्या पन्ह्याचं पूर्वज. पन्हं पिताना आपण कैरी, गूळ आणि वेलची असे तीन घोट घेत नाही. जी चव येते ती तिघांपैकी एकाचीही नसते, आणि तिघांपैकी एक काढून घेतला तर ती राहत नाही. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव असेच एकत्र चर्वण होतात आणि त्यातून जो रस येतो तो त्यांच्या बेरजेत मावत नाही.

हा दृष्टान्त वर्गात शिकताना मला नेहमी काव्यासाठी केलेली सोय वाटायचा. विटबिअर चाखताना मात्र तो शब्दशः खरा वाटतो, आणि त्याचा एक पुढचा अर्थही दिसू लागतो. चव जर घटकांच्या संयोगात असेल, तर घटकांची यादी जपून ती जपली जाणार नाही. अभिनवगुप्ताच्या मते रस पोथीत नसतो, तो सहृदयाच्या आस्वादात असतो. मग सहृदय उरला नाही तर?

होगार्डनमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. एकेकाळी त्या लहानशा गावात तीसहून अधिक ब्रूअरी होत्या. विसाव्या शतकात काचेसारख्या पारदर्शक, सोनेरी, कारखान्यात थंड आंबवलेल्या पिल्सनर बिअरने बाजार घेतला. गढूळ, आंबूस, दोन आठवड्यांत चव बदलणारी गावठी बिअर जुनाट ठरली. एकामागून एक हंडे थंड झाले, आणि 1950 च्या दशकात टॉम्सिन ही शेवटची ब्रूअरीही बंद पडली. होगार्डनची पांढरी बिअर संपली. तिचे जिन्नस सगळे होते. गहू शेतात होता, धने आणि साली दुकानात होत्या. चव नव्हती.

टॉम्सिनच्या शेजारी पिएर सेलिस राहायचा. 1925 चा जन्म, व्यवसाय गवळ्याचा, घरोघरी दूध घालायचा. मुलगा असताना तो शेजारच्या ब्रूअरीत मदतीला जात असे. कोणता हंडा कधी कसा दिसतो, कोणत्या टप्प्यावर कोणता वास येतो, हे तो तिथे नकळत शिकला. गावातल्या लोकांना आपल्या बिअरची चुटपुट लागून राहिली होती, आणि 1966 मध्ये या गवळ्याने ती पुन्हा करायला घेतली. त्याच्याकडे ब्रूइंगची पदवी नव्हती. त्याच्याकडे ती चव होती, आणि ती चव ओळखणारे म्हातारे शेजारी होते. बरोबर झाली की नाही, याचा निर्णय देणारी त्याहून मोठी प्रयोगशाळा त्या वेळी जगात कुठेच नव्हती.

ही गोष्ट मला कोणत्याही पुराणवस्तूच्या उत्खननाइतकी मोठी वाटते. भांडं खोदून काढता येतं, शिलालेख वाचता येतो. चव खोदून काढता येत नाही. शेवटची ब्रूअरी बंद होणं आणि सेलिसने पहिला हंडा चढवणं यांत साधारण दहा वर्षं गेली. ती चाळीस झाली असती तर जी बिअर झाली असती तिला होगार्डन म्हणणारं किंवा नाकारणारं कुणी उरलं नसतं. जगात आज जिथे जिथे धने आणि संत्र्याची साल घालून गव्हाची बिअर केली जाते, अमेरिकेत, जपानमध्ये, पुण्यात, बंगळुरूत, त्या साऱ्यांचा उगम एका शेजाऱ्याच्या आठवणीत आहे.

पुढची कथा वाढीची आहे आणि मला ती तितकी रमवत नाही, पण ती सांगायला हवी. सेलिसची ब्रूअरी मोठी झाली. 1985 मध्ये तिला आग लागली, विमा पुरेसा नव्हता, उभारणीसाठी स्टेला आर्त्वाकडून पैसा आला आणि त्या पैशाबरोबर मोठ्या कंपनीचा हातही आला. स्टेला आर्त्वा पुढे इंटरब्रू झाली, इंटरब्रू इनबेव्ह झाली. सेलिसने 1990 मध्ये आपला हिस्सा विकला. वयाच्या पासष्टीत तो टेक्ससमध्ये ऑस्टिनला गेला आणि 1992 मध्ये तिथे नव्याने पांढरी बिअर करू लागला. तीही ब्रूअरी मिलर या बड्या कंपनीकडे गेली आणि अखेर बंद झाली. इकडे 2005 मध्ये इनबेव्हने होगार्डनची ब्रूअरी बंद करून उत्पादन लिएजजवळच्या जुपीयला न्यायचं जाहीर केलं. गावाने निदर्शनं केली. दोन वर्षांनी निर्णय फिरवला गेला आणि बिअर गावातच राहिली. सेलिस 2011 मध्ये गेला. त्या गावकऱ्यांकडे केवळ रोजगाराच्या प्रश्नावर भांडणारे लोक म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. एकदा चव हरवलेली त्यांनी पाहिली होती.

छोट्या ब्रूअरीचं महत्त्व मला इथे दिसतं. छोटी म्हणजे आपोआप चांगली असं नाही. छोट्या ठिकाणी वाईट बिअरही मिळते, धने इतके पडतात की घोटाला साबणासारखा वास येतो. पण छोट्या ठिकाणी करणारा चाखतो आणि चाखणारा समोर बसलेला असतो. टाकी आणि पेला यांत चार पावलांचं अंतर असतं. गव्हाला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे शिजवलेल्या धान्यातून गोड काढा गाळताना गहू जास्त झाला तर सगळं चिकट होऊन बसतं. जवाची टरफलंच तिथे चाळणीचं काम करतात. मी पाहत होतो त्या दिवशी काढा असाच तुंबला होता. ब्रूअर लांब फळीने धान्याचा थर अगदी अलगद मोकळा करत होता, मध्येच थांबून काढ्याचा थेंब जिभेवर ठेवत होता. तापमापी शेजारीच होता आणि ब्रूअर तो पाहतही होता, पण विश्वास जिभेवर होता. टॉम्सिनच्या ब्रूअरीत पिएर नावाचा मुलगा हेच पाहत उभा राहिला असणार.

मराठी मनाला मद्याच्या चवीबद्दल बोलणं अवघड जातं, आणि त्याला कारण आहे. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने सुधाकर आणि सिंधू अशी दोन माणसं आपल्या घरात कायमची आणून बसवली. दारूने होणारा सर्वनाश त्या नाटकात जितका खरा आहे तितकाच तो आजही वस्त्यावस्त्यांत खरा आहे, आणि तो विसरून या विषयावर लिहू नये असंच मला वाटतं. पण त्यामुळे झालं असं की आपलं लेखन नशेभोवती फिरलं, चवीपर्यंत पोचलंच नाही. व्यसन कसं जडतं यावर आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे. पेयाला वास कसा येतो यावर जवळपास काही नाही.

जुन्या ग्रंथांत असं नव्हतं. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचा अख्खा अध्याय दिला आहे. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी 1960 ते 1965 या काळात सिद्ध केलेल्या आवृत्तीत तो वाचताना मी चकित झालो. मेदक या पेयासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, इतकं नेमकं माप. मेदक आणि प्रसन्ना या पेयांत घालायच्या मसाल्यात लोध्र, प्रियंगू, दारुहळद, मिरी, पिंपळी. सुरेच्या प्रकारांत सहकारसुराही आहे, आंब्याची. धान्य आंबवताना त्यात फळाचा आणि मसाल्याचा सुगंध मिसळण्याची कल्पना आपल्याला बेल्जियमकडून शिकण्याची गरज नव्हती. त्याच अध्यायात करडी बंधनंही आहेत: कोण विकणार, कुठे विकणार, कुणाला किती द्यायचं, उधळ्यांवर नजर कशी ठेवायची. आणि पानगृहं कशी असावीत तर वेगवेगळ्या खोल्यांची, गंध, फुलं, पाणी असलेली, ऋतूला सुखकर. धाक आणि रसिकता एकाच लेखणीतून उतरली आहेत.

बव्हेरियात याच्या नेमकं उलट घडलं. 1516 च्या फर्मानाने बिअर जव, हॉप्स आणि पाणी यांपुरती मर्यादित केली. गहू पावासाठी राखायचा होता. पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क 1602 मध्ये ड्यूकने स्वतःकडे घेतला आणि त्यातून खजिना भरला. पण धने आणि साल यांना तिथे दार उघडलं नाही. जर्मन गव्हाच्या बिअरमधलं केळं आणि लवंग केवळ यीस्टचं काम आहे, आणि ते काम थोर आहे. माझं मन तरीही विटबिअरकडे ओढ घेतं, कारण तिथे शुद्धतेपेक्षा संयोगाला मान आहे.

पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरने मूळ धरलं. आज शहरातल्या बहुतेक छोट्या ब्रूअरींत एखादी विटबिअर असतेच, आणि तिच्यात बहुधा गोड संत्र्याची साल पडते. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळ म्हणून लाजवाब आहे, पण ते मँडरिनच्या जातीचं: साल पातळ, सैल, वास लगेच येणारा आणि लगेच जाणारा. लराहाचा खोल कडवटपणा तिच्यात नाही. त्यामुळे इथल्या विटबिअर अनेकदा नाकाशी छान उघडतात आणि शेवटाला पोकळ वाटतात.

तो शेवट भरून काढेल असं काही आपल्याकडे आहे. खपली गहू सांगली, सातारा, कोल्हापूर भागात अजून पेरला जातो. प्राचीन इजिप्तच्या बिअरमध्ये वापरत तो याच जातीचा गहू. त्याचं टरफल मळणीत सहज सुटत नाही. आपल्या गिरणीवाल्याला त्याचा त्रास होतो, पण ज्या ब्रूअरचा काढा टरफलाअभावी तुंबतो त्याला ते टरफल हवंच आहे. आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे ते महाळुंग, लिंबूवर्गातल्या मूळ जातींपैकी एक. रस नावापुरता आणि साल बोटभर जाड. कुरासावच्या त्या संत्र्यासारखंच, गराला कुणी विचारत नाही आणि सगळा गंध सालीत. खपली, धने आणि महाळुंगाची साल असा संयोग कुणी केला असल्याचं मी अजून चाखलेलं नाही. ब्रूअरपाशी मी तो विषय काढला तेव्हा त्याने लगेच दोन शंका घेतल्या. एवढी जाड साल वाळायला किती दिवस लागतील, आणि आतला पांढरा भाग तिच्यावर ठेवायचा की खरवडून टाकायचा? सेव्हिलच्या सालीचा तो भाग बहुधा काढतात. महाळुंगाचा तो पांढरा भाग कडू नसतो, म्हणून ठेवूनच पाहावा असं माझं म्हणणं पडलं. तो म्हणाला, आधी वीस लिटरच करू, अर्ध्यात ठेवू आणि अर्ध्यात काढू.